वाफेच्या गाडीचा फोटो काढताना

मैत्रिणींनो, सुट्टीत दार्जिलिंगला जायचा बेत असेल तर स्वेटरांच्या यादीबरोबर हेही वाचून ठेवा. तिथली ती छोटीशी आगगाडी तुम्ही ‘आराधना’ सिनेमात पाहिली असेलच. शर्मिला टागोर खिडकीत, राजेश खन्ना जीपमध्ये! १८८१ साली ही गाडी दार्जिलिंगला पोचली. रुळांची रुंदी अवघी दोन फूट. १९९९ साली युनेस्कोनं तिला जागतिक वारशाचा मान दिला. तिथे डिझेलचं इंजिनही धावतं, म्हणून तिकीट काढताना गाडी वाफेची आहे ना, ते नीट पाहून घ्या.

गेल्या वर्षी आम्ही गेलो. पहिल्या दिवशी स्टेशनावर मी चाळीस फोटो काढले. रात्री पाहते तर काय, निम्म्यांत नुसता पांढरा ढग आणि निम्म्यांत लोकांच्या पाठी! आमचे हे म्हणाले, “अगं, पोस्टकार्ड विकत मिळतं की.” मला रागच आला. कारण मला पोस्टकार्ड नको होतं.

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, भुसावळच्या लोको शेडला फायरमन होते. उभा जन्म भट्टीसमोर गेला. पण घरात त्यांचा फोटो एकच, तोही स्टुडिओतला. कोट, टोपी, शेजारी फुलदाणी. इंजिनाबरोबरचा एकही नाही. तेव्हा कोण काढणार होतं? ब्रॉडगेजवरच्या वाफेच्या गाड्याही १९९५ साली थांबल्या. आता काढीन म्हटलं तरी ते इंजिन नाही आणि आजोबाही नाहीत.

दुसऱ्या दिवशी मात्र मी शहाणी झाले. तुम्हालाही चार गोष्टी सांगते.

फोटो सकाळी काढा. हवा थंड असली की वाफ दाट आणि पांढरीशुभ्र दिसते. कडक उन्हात ती लगेच विरून जाते. सूर्य आपल्या पाठीमागे असू द्या.

फोनवर इंजिनाच्या काळ्या अंगावर बोट ठेवा आणि उजेड जरासा कमी करा, म्हणजे वाफेचा नुसता पांढरा डाग होत नाही.

सगळी गाडी फोटोत हवी असेल, तर वळणाच्या आतल्या बाजूला उभं राहा. बतासिया लूपवर गाडी दहाएक मिनिटं थांबते. तिथे रूळ गोल वळसा घेतात आणि आकाश निरभ्र असेल तर मागे कांचनगंगा दिसते. पण फोटोसाठी रुळांवर उतरू नका, मुलांना खिडकीबाहेर वाकू देऊ नका. गाडी दुकानांच्या अगदी दाराला लागून जाते.

आणि हो, कॅमेऱ्याची काच पदरानं पुसू नका, कोळशाच्या कणांनी चरे पडतात. आधी फुंकर घाला, मग मऊ फडकं. कपड्यांवर काजळी पडली तर तीही आधी कोरडीच झटका. ओल्या हातानं चोळलीत, की डाग बसलाच म्हणून समजा.

आता मुख्य गोष्ट. या इंजिनावर ड्रायव्हर आणि फायरमनखेरीज आणखी एक माणूस असतो, कोळशाच्या ढिगावर बसून हातोडीनं कोळसा फोडणारा. चढावर चाकं घसरू नयेत म्हणून रुळांवर वाळू टाकणारेही असतात. हजारो लोक फोटो काढतात, पण यांच्याकडे बघतं कोण?

घूमला, म्हणजे ७,४०७ फुटांवर, गाडी बराच वेळ थांबली. मी कोळसा फोडणाऱ्याला मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, “फोटो काढू का, दादा?” त्यानं लगेच हातोडी लपवली, फडक्यानं तोंड पुसलं आणि ताठ बसला. अगदी आमच्या आजोबांसारखा! मी तो फोटो काढला. मग म्हटलं, “आता तुमचं काम करा.” तो हसला आणि कोळसा फोडू लागला. दुसरा फोटो तो.

परत आल्यावर दोन्हींच्या प्रती काढून त्याचं नाव घालून दार्जिलिंग स्टेशनच्या पत्त्यावर पाठवल्या. पहिला त्याच्या घरच्या भिंतीसाठी, दुसरा त्याच्या नातवंडांसाठी.

दुसऱ्या फोटोची एक प्रत आईलाही दिली. चष्मा लावून ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “बाबांचे हात असेच असायचे गं. जेवताना पांढऱ्या भातावर उठून दिसायचे.”

तीस वर्षांत आजोबांबद्दल ही गोष्ट ती मला पहिल्यांदा सांगत होती.

तेव्हा दार्जिलिंगला जाल तेव्हा इंजिनाचा फोटो जरूर काढा. पण आधी त्या माणसाला नाव विचारा.