पाहुण्याचा हिशेब

मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ रोजी प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि तोवर गोव्याच्या पर्यटनाच्या नकाशावर हरमल, मांद्रे, मोरजी एवढ्या किनारपट्टीपुरताच दिसणारा पेडणे तालुका एकदम या राज्याच्या मुख्य दारात येऊन उभा राहिला. दारात येऊन राहणाऱ्याला आल्या-गेल्याची सोय पाहावीच लागते. कोरगावसारख्या गावाला स्वतःची पुळण नाही. परंतु हरमलचा समुद्र त्याला लांब नाही आणि विमानतळही लांब नाही. अशा गावांपुढे आज एक साधा, पण कळीचा प्रश्न उभा आहे. घरी उतरणाऱ्या पाहुण्याकडून खोलीचे किती घ्यावे?

अग्रलेखाच्या जागेत खोलीभाड्याची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु या भाड्याशी जमिनीचा प्रश्न जोडलेला आहे. पेडण्यातली जमीन आज मागणीत आहे आणि गिऱ्हाईक बाहेरचे आहे. ज्या घरातील चार खोल्या वर्षाकाठी आपला खर्च भागवून वर चार पैसे टाकतील, ते घर मालकाच्या हातात राहील. ज्या खोल्या डिसेंबरचे आठ दिवस भरतील आणि उरलेले वर्ष कुलूप मिरवतील, त्या घराचा सौदा आज ना उद्या ठरलेला आहे. म्हणून भाड्याचा आकडा ही नुसती व्यापाराची बाब उरत नाही.

प्रथम पाहुणा कोण, हे पाहिले पाहिजे. २०१९ साली गोव्यात सुमारे ९ लाख ३७ हजार परदेशी प्रवासी आले होते. २०२४ साली ती संख्या सुमारे ४ लाख ६८ हजारांवर होती, म्हणजे जेमतेम निम्मी. याच काळात देशी प्रवाशांची संख्या सुमारे ७१ लाखांवरून ९९ लाखांवर गेली. चार्टर विमानाने येणारा परदेशी पाहुणा बहुधा जोडप्याने येई, त्याचे पैसे त्याच्या देशातच भरलेले असत, आणि तो पंधरा दिवस एका जागी राही. आजचा पाहुणा पुण्याचा, कोल्हापूरचा, बेळगावचा, हुबळीचा आहे. तो दोन मुलांना आणि पुष्कळदा आईवडिलांना घेऊन येतो, तीन रात्री राहतो आणि प्रत्येक रुपया स्वतः मोजतो. खोल्या मात्र अजून जोडप्यासाठीच बांधलेल्या आहेत आणि दरपत्रकही जोडप्यालाच उद्देशून लिहिलेले आहे. सारी गोम येथे आहे.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, एका खोलीचे भाडे रात्रीला चार हजार रुपये म्हणून जाहीर झाले आहे. कुटुंब चौघांचे. दोन मुलांसाठी दोन जादा गाद्या, प्रत्येकी आठशे. झाले पाच हजार सहाशे. त्यावर पाच टक्के वस्तू-सेवा कर धरला की पाच हजार आठशे ऐंशी. न्याहारी वेगळी असेल तर ती आणखी निराळी. शेजारचा दुसरा गृहस्थ प्रामाणिकपणे लिहितो: चौघांना, करासह, साडेपाच हजार. हा दुसरा प्रत्यक्षात स्वस्त आहे. पण मोबाइलवरच्या यादीत चार हजारवाला वर दिसतो आणि साडेपाच हजारवाला खाली जातो. खोली ठरते पहिल्याची. मात्र निघताना हिशेबाचा कागद हातात पडला की पाहुण्याचा चेहरा उतरतो आणि पुढील वर्षी तो गोव्याचे नाव काढत नाही. पहिल्याने एक रात्र कमावली आणि साऱ्या गावाने एक गिऱ्हाईक गमावले, असा हा व्यवहार आहे.

ही तक्रार नवी नाही आणि केवळ आपल्याकडची तर मुळीच नाही. १९५१ साली केमन्स विल्सन नावाचा मेम्फिस शहरातील एक अमेरिकन बांधकाम व्यावसायिक पत्नी आणि पाच मुलांना घेऊन मोटारीने वॉशिंग्टन पाहावयास निघाला. वाटेवरची मोटेले दर मुलामागे दोन डॉलर जादा मागत. मुले आईबापांच्याच खोलीत झोपणार, मग हे जादा कशाचे, या रागाने तो घरी परतला, आणि १९५२ साली त्याने ‘हॉलिडे इन’ हे आपले पहिले मोटेल उघडले. तेथे मुलांना भाडे नव्हते. पुढे याच नावाची हॉटेले जगभर पसरली. विल्सन काही धर्मात्मा नव्हता. तो पक्का व्यापारी होता. कुटुंबात मुक्कामाचा निर्णय मुलांच्या सोयीने होतो, हे त्याने ओळखले एवढेच. आपल्याकडे पाच वर्षांच्या मुलाचा जन्मदाखला मागणारे हॉटेलवाले त्याच्याकडून अद्याप काही शिकलेले दिसत नाहीत.

करांच्या रचनेनेही या बाबतीत एक विचित्र पायरी तयार केली आहे, ती लहान व्यावसायिकांनी नीट समजून घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवरील कर बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. त्यावरील खोलीवर तो अठरा टक्के राहिला. म्हणजे साडेसात हजारांची खोली पाहुण्याला ७,८७५ रुपयांना पडते आणि भाडे एका रुपयाने वाढवून ७,५०१ केले की तीच खोली ८,८५१ रुपयांच्या घरात जाते. मालकाला एक रुपया, पाहुण्याला जवळपास पावणेदहाशेचा भुर्दंड. पाच टक्क्यांच्या गटातील मालकाला आपण भरलेल्या करांची वजावट मिळत नाही, ही त्याची दुसरी बाजू आहे. परंतु ज्याच्या चार खोल्या घरच्याच माणसांनी झाडल्या-पुसल्या जातात आणि स्वयंपाक घरच्याच चुलीवर होतो, त्याला त्या वजावटीचे मोल फारसे नाही. कराची ही रचना लहान मुक्कामघराच्या बाजूची आहे. तिचा लाभ पाहुण्यापर्यंत पोचतो की मधेच जिरतो, हा प्रश्न अर्थातच वेगळा.

आता भावाच्या चढउताराविषयी. मोठी हॉटेले रोज भाव बदलतात, त्यात आम्हांला पाप दिसत नाही. आजची रिकामी खोली उद्या विकता येत नाही. मासळी निदान खारवता येते. तेव्हा मागणीच्या दिवशी चढा भाव आणि ओसाड दिवशी उतरता भाव, हे समजण्यासारखे आहे. परंतु आपल्याकडे चढ तेवढी उचलली जाते, उतार विसरला जातो. २०२४ च्या डिसेंबरअखेर धारगळ येथे तीन दिवसांचा मोठा संगीतमहोत्सव झाला. अशा तीन दिवसांचा भाव हाच आपल्या खोलीचा खरा भाव, असे ज्याच्या मनाने एकदा घेतले त्याची खोली जून-जुलैत रिकामी राहणारच. वास्तविक आषाढ-श्रावणातले कोरगाव, हिरवी शेते, भरून आलेले ओहोळ आणि कमळेश्वराच्या देवळाचा शांत परिसर, हे शहरातल्या मुलाला दाखवण्यासारखे असते. त्या दिवसांत अर्ध्या भावाने आलेला पाहुणाही नफ्याचाच. (चतुर्थीचे दिवस मात्र सोडून बोलावे. तेव्हा आपल्याच घरी मुंबईकर भाऊबंद उतरलेले असतात आणि खोली सोडाच, ओसरीवरची जागाही मोकळी नसते.)

कुटुंबाच्या सुट्टीवर धंदा कसा उभा राहतो आणि त्यातला पैसा कोणाच्या पदरात पडतो, याचा सर्वांत बोलका दाखला अमेरिकेतील डिस्नेच्या करमणूक-उद्यानांचा आहे. वॉल्ट डिस्नेने १९५५ साली कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले तेव्हा त्याच्यापाशी जमीन थोडी आणि पैसा त्याहून थोडा. उद्यानाच्या नावाने ओळखले जाणारे हॉटेलसुद्धा दुसऱ्याच एका उद्योगपतीने बांधले. ते कंपनीच्या मालकीचे व्हायला १९८८ साल उजाडले. उद्यानाच्या भोवती लहान लहान मोटेलांची रांग लागली. लोक उद्यान पाहत डिस्नेचे आणि मुक्कामाचे पैसे देत शेजाऱ्यांना. डिस्नेला हे फार लागले असावे. कारण दुसऱ्या उद्यानाच्या वेळी त्याच्या कंपनीने फ्लोरिडात निरनिराळ्या नावांनी, गुपचूप, सत्तावीस हजार एकरांहून अधिक जमीन घेतली आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी उद्यानाबरोबरच आपली स्वतःची दोन मोठी हॉटेले उघडली. आता पाहुणा सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत एकाच मालकाच्या अंगणात. आवाराबाहेरच्या हॉटेलांना मग मुलांचे जेवण मोफत, उद्यानापर्यंत बस मोफत, अशी आमिषे दाखवून जगावे लागले. २०१६ पासून तर तेथे प्रवेशाच्या तिकिटालाही गर्दी पाहून निरनिराळे भाव आले. आपल्याकडे खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका उघडले आणि अल्पावधीतच त्याच्या आवारात हॉटेलही आले, ते याच धड्यावरून.

याउलट शिर्डीकडे पाहावे. तेथे संस्थानाची भक्तनिवासे माफक भाड्यात मिळतात. त्यामुळे खासगी हॉटेलवाल्याला फार वर उडी मारता येत नाही आणि तरीही तेथे हॉटेले वाढतच आहेत. आपल्या गोव्यात हे काम पिढ्यान्‌पिढ्या देवस्थानांच्या अग्रशाळांनी केले. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे येथे कुळाव्यांसाठी बांधलेल्या त्या खोल्या म्हणजे मुंबईच्या आणि कारवारच्या कित्येक कुटुंबांचा गोव्यातला पहिला मुक्काम. सोयी बेताच्या, परंतु भाडे पाहुण्याचा चेहरा पाहून ठरत नसे आणि रात्री पोचलेल्या बायकामुलांना आपण फसवले जाऊ ही धास्ती नसे. ही निर्धास्तीच कुटुंब विकत घेते. खाटेची गादी त्यानंतर येते.

आमच्या समुद्राला फाटक नाही, तिकीट नाही. ही गोव्याची श्रीमंती. परंतु फाटकाचे काम येथे वाहतुकीने केले आहे. विमानतळावरून गावात आणि गावातून किनाऱ्यावर जायचे तर टॅक्सीला किती पडतील, हे पाहुण्याला आधी कळत नाही. २०१८ साली सुरू झालेल्या ‘गोवा माइल्स’पासून हा वाद धुमसतो आहे. टॅक्सीवाले आमचेच आहेत, मोप्यासाठी जमीन दिलेल्या घरांतलेही आहेत, त्यांच्या पोटावर पाय यावा असे आम्ही म्हणणार नाही. परंतु खोलीवाला आणि टॅक्सीवाला एकाच पाहुण्याच्या खिशाकडे पाहत आहेत, आणि पहिल्याने हात आखडला तरी दुसऱ्याने मोकळा सोडला तर पाहुण्याच्या दृष्टीने गोवा महागच ठरतो.

त्याला पर्यायही दूर नाही. किरणपाणीचा पूल ओलांडला की आरोंदा, पुढे शिरोडा, वेंगुर्ले. सिंधुदुर्ग १९९७ साली देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपीचा विमानतळ उघडला. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेखाली घराघरांत खोल्या निघाल्या. समुद्र तोच, भाषा तीच, सोलकढीही तीच. मोप्याला उतरून सिंधुदुर्गात मुक्कामाला जाणारा पाहुणा हा पेडण्याच्या दारावरून गेलेला पाहुणा होय. त्यांच्याशी स्पर्धा भाव पाडून करावयाची नाही. तसे केले तर दोन्ही तीरांवरची घरे बुडतील. कोरगावच्या घराने चौघांचा एकत्र भाव लिहावा, करासह आणि न्याहारीसह. त्यात उकड्या तांदळाची पेज नाहीतर भाकरी असावी, शाकाहारी मंडळींसाठी एखादे दिवशी खतखते असावे. विमानतळावरून घरापर्यंतच्या गाडीचे भाडे गावातल्याच टॅक्सीवाल्याशी ठरवून त्याच कागदावर छापावे. तो कागद पंचायतीत लावलेला असावा, म्हणजे शेजाऱ्यालाही कळेल आणि पाहुण्यालाही. एकट्याने हे केले तर तो यादीत खाली जाईल. साऱ्या वाड्याने केले तर यादीलाच गावाकडे पाहावे लागेल.

हे लवकर करण्याचे कारण धारगळ येथे आहे. जलउद्यान, हॉटेले, कॅसिनो, सभागृहे असा एक भव्य प्रकल्प तेथे घोषित झाला, आणि तिळारीच्या लाभक्षेत्रातून त्यासाठी सुमारे ३ लाख ३३ हजार चौरस मीटर जमीन वगळण्यावरून २०२४ साली तालुक्यात मोठा गदारोळ उठला. शेतीच्या पाण्याखालची जमीन अशी वगळावी काय, या प्रश्नावर आमचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. परंतु त्याच्या आड एक दुसरा प्रश्न दडला, त्याची चर्चा झालीच नाही. असे उद्यान पेडण्यात आले तर शेजारची गावे ॲनाहाइमची मोटेले होणार की फ्लोरिडाच्या आवाराबाहेरची? आवारातील हॉटेलात किती खोल्या असाव्यात, बाहेर उतरलेल्या कुटुंबाला उद्यानात त्याच दराने प्रवेश मिळेल की नाही, कोरगाव, तुये, पार्से या गावांतून उद्यानापर्यंत सार्वजनिक बस कोण चालवील, हे सारे परवाना देण्यापूर्वी लेखी ठरवून घेता येते, परवाना दिल्यावर येत नाही. ग्रामसभा दर तीन महिन्यांनी भरते. पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर रस्त्याचे दिवे आणि कचरा यांच्याबरोबर हाही विषय घालायला सरपंचांना कोणाची परवानगी लागत नाही.