तहान मारण्याची किंमत

सकाळी घर सोडताना कपभर चहा, दुपारी डब्याबरोबर अर्धा पेला पाणी आणि मग थेट संध्याकाळी घरी परतल्यावर घटाघटा तांब्याभर पाणी. शहरांतील अनेक नोकरदारांचा, विशेषतः स्त्रियांचा, पाणी पिण्याचा क्रम असा असतो. पाण्याची टंचाई हे त्याचे कारण नसते. लोकलच्या प्रवासात, बाजारात किंवा फिरतीच्या कामात स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसते, म्हणून पाणीच कमी प्यायचे, अशी ही तडजोड असते. तिची किंमत मात्र मूत्रपिंडांना आणि मूत्रमार्गाला मोजावी लागते.

मूत्रपिंडांचे काम

प्रौढ व्यक्तीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असतो. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील बहुतेक भाग पुन्हा रक्तात शोषला जातो आणि साधारण दीड लिटर लघवीवाटे बाहेर पडतो. शरीरात पाणी कमी पडले की मेंदूतून स्रवणाऱ्या व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकामुळे मूत्रपिंडे पाणी राखून ठेवतात. लघवी कमी आणि गडद होते. टाकाऊ द्रव्ये तेवढीच राहतात, त्यांना विरघळवणारे पाणी मात्र घटते. अशा वेळी कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक आम्ल यांचे स्फटिक तयार होऊ लागतात आणि त्यांतूनच पुढे मुतखडा होतो. उन्हाळ्यात बरेच पाणी घामावाटे जात असल्याने हा धोका वाढतो.

संशोधन काय सांगते?

मुतखडा एकदा झाला की पुन्हा होण्याची शक्यता असते. इटलीतील १९९ रुग्णांचा पाच वर्षे पाठपुरावा करून १९९६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भरपूर पाणी पिण्यास सांगितलेल्या गटात सुमारे १२ टक्के रुग्णांना, तर दुसऱ्या गटात २७ टक्के रुग्णांना पुन्हा खडा झाला.

मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाबाबतही असेच दिसते. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि एरवी कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांवरील अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज दीड लिटर जादा पाणी पिणाऱ्या स्त्रियांमध्ये वर्षभरातील संसर्गाचे सरासरी प्रमाण ३.२ वरून १.७ इतके खाली आलेले आढळले. तुलना अर्थात जादा पाणी न पिणाऱ्या गटाशी होती. वरचेवर लघवी झाल्याने मूत्राशयातील जंतू बाहेर टाकले जातात, हे त्यामागील साधे कारण मानले जाते.

आठ पेल्यांचा हिशेब

'रोज आठ पेले पाणी' या नियमाला भक्कम शास्त्रीय आधार नाही. अमेरिकेतील आहारविषयक मंडळाने १९४५ मध्ये प्रौढांसाठी दिवसाला अडीच लिटर पाण्याचे प्रमाण सुचवले होते; पण त्यातील बराचसा भाग अन्नातूनच मिळतो, असेही त्याच शिफारशीत म्हटले होते. वरण, भाजी, फळे, ताक, कोकम सरबत, इतकेच काय, चहातूनही पाणी मिळते. गरज मात्र ऋतू, श्रम आणि प्रकृतीनुसार बदलते.

म्हणून पेले मोजण्यापेक्षा लघवीचा रंग पाहणे अधिक सोयीचे. फिकट पिवळा रंग असेल तर पाणी पुरेसे आहे; गडद पिवळा असेल तर ते वाढवावे. काही औषधांनी आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनीही रंग बदलतो, हे ध्यानात ठेवावे. पाणी एकदम न पिता दिवसभर थोडे थोडे प्यावे. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. त्यामुळे घरातील वृद्धांना आठवणीने पाणी द्यावे.

मात्र हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा गंभीर विकार असणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे. थोड्या वेळात बेसुमार पाणी प्यायल्यास निरोगी व्यक्तीच्या रक्तातील सोडियमही धोकादायकरीत्या घटू शकते. लघवीला जळजळ, ताप, कुशीत तीव्र कळा किंवा लघवीतून रक्त ही लक्षणे असल्यास नुसते पाणी पीत बसू नये. तातडीने तपासणी करावी.

भरपूर पाणी प्या, हा सल्ला देणे सोपे आहे. स्त्रियांना तो पाळता यावा यासाठी मुंबईत २०११ मध्ये 'राइट टू पी' ही स्वच्छतागृहांच्या मागणीची मोहीम सुरू करावी लागली. घरातून पाण्याची बाटली बरोबर नेणे प्रत्येकाच्या हाती आहे. पण ती निर्धास्तपणे रिकामी करता येईल अशी सोय रस्त्यावर, स्थानकात आणि कार्यालयात असणे, हाही सार्वजनिक आरोग्याचाच भाग आहे.