वृक्षतोडीचे यंत्र : जमा आणि नावे

धान्याच्या पेढीवर उभे आयुष्य घालविलेल्या माणसाने झाडे तोडण्याच्या यंत्राविषयी लिहावे, याचे सुज्ञ वाचकांस नवल वाटणे साहजिक आहे. परंतु गोदामांवर झुकलेल्या झाडांचा प्रश्न आपल्या बैठकीत निघाला, तेव्हा तरुण सभासदांनी परदेशातील एका यंत्राची चित्रफीत दाखविली आणि असे यंत्र सर्वांनी मिळून आणावे, अशी सूचना केली. त्याचा हिशेब मांडण्याचे काम वयाच्या ज्येष्ठतेमुळे आमच्याकडे आले. तो हिशेब या स्मरणिकेच्या निमित्ताने सभासदांपुढे ठेवीत आहोत.

बेला हे पैनगंगेच्या अलीकडचे कापसाचे व कडधान्याचे गाव. येथील जुन्या वखारी चिंच, कडुनिंब आणि पिंपळ यांच्या सावलीत उभ्या राहिल्या. हमाल त्या सावलीत विसावतात, बैलगाड्या व आता ट्रकही तेथेच थांबतात. पण मृगाचे वारे सुटले की तीच झाडे पत्र्यांवर आणि विजेच्या तारांवर फांद्या टाकतात. म्हणून दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस कोणीतरी कुऱ्हाड व दोर घेऊन झाडावर चढतो.

काही वर्षांपूर्वी आमच्याच आवारातील चिंचेवर असा एक गृहस्थ चढला होता. तोडलेली फांदी खाली न पडता उलटी फिरली, दोर तिच्याबरोबर ओढला गेला आणि तो वीस फुटांवरून खाली आला. कमरेचे हाड मोडले. आम्ही औषधोपचाराचा खर्च केला, पुढे गोदामाच्या दारावर त्यास काम दिले. आजही तो काठी टेकीत येतो. आमच्या रोजकीर्दीत त्या दिवशीची फांदीतोडीची मजुरी बाराशे रुपये नावे पडलेली आहे. त्याच्या पायाची रक्कम कोणत्या खात्यावर लिहावी, हे मात्र आम्हांस अद्याप उमगलेले नाही. नव्या यंत्राचा विचार आम्ही या एका नोंदीपासून सुरू केला.

'ग्रॅपल सॉ' या नावाच्या या यंत्रास आपण पकड-करवत म्हणू. मोटारगाडीवर बसविलेला एक लांब पोलादी बाहू, त्याच्या टोकास खेकड्याच्या नांगीसारखी पकड आणि तिच्यालगत साखळीची करवत, अशी त्याची रचना असते. हे सारे तेलाच्या दाबावर चालते. चालक कोठडीत बसून किंवा दूर उभा राहून कळ दाबतो. पकड प्रथम फांदी घट्ट धरते, मग करवत ती कापते आणि बाहू तो तुकडा हलकेच जमिनीवर आणून ठेवतो. साखळीची करवत नवी नाही. जर्मनीतील आंद्रेआस श्टील यांनी 1926 साली विजेवरची करवत बनविली, ती चालविण्यास दोन माणसे लागत. पुढे करवत एका माणसाच्या हातात मावू लागली, तरी तो माणूस झाडावर चढतच राहिला. पकड-करवतीने त्यास खाली उतरविले. जमेच्या बाजूची ही पहिली आणि सर्वांत मोठी रक्कम होय.

दुसरी रक्कम वादळाच्या दिवसांची. मे 2020 मध्ये अम्फान वादळाने कोलकात्यात हजारो झाडे पाडली, रस्ते मोकळे करण्यास सैन्यास पाचारण करावे लागले. त्याच वर्षी 3 जून रोजी निसर्ग वादळाने रायगड जिल्ह्यातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. एकमेकांत अडकलेल्या, ताण धरून बसलेल्या फांद्या कापणे हे उभे झाड तोडण्याहूनही घातक. कोणती फांदी केव्हा उसळेल, याचा नेम नसतो. तेथे दूर बसून धरणारे व कापणारे यंत्र खरोखरच प्राण वाचविते.

आता नावे बाजू पाहू. यंत्राचा बाहू वीस मीटर किंवा त्याहून दूर पोहोचतो, असे विक्रेते अभिमानाने सांगतात. परंतु ज्यांनी तराजूची दांडी हाताळली आहे, त्यांना हे समजावणे नको की दांडी जितकी लांब, तितके टोकाचे वजन जड भासते. पूर्ण लांबविलेला बाहू जवळच्या मानाने फारच थोडे वजन पेलतो. चालकाने फांदीचे वजन चुकीचे अजमावले, तर गाडीच कलंडावयाची. म्हणून तिचे आधाराचे पाय घट्ट जमिनीवर टेकावे लागतात. आणि आपली जमीन कोणती? काळी, कापसाची. झाडे पडतात पावसाळ्यात आणि नेमक्या त्याच दिवसांत आपल्या आवारांतून भरलेली बैलगाडीसुद्धा रुतते. अर्थात हे यंत्र डांबरी सडकेच्या कडेला उपयोगी, मागल्या अंगणातल्या चिंचेला नव्हे.

किमतीचे म्हणाल तर असे परदेशी बनावटीचे संपूर्ण वाहन कोटींच्या घरात जाते. वर्षातून पंधरा दिवस चालणाऱ्या यंत्रात एवढे भांडवल अडकविणे हा व्यापार नव्हे. त्यापेक्षा आपल्या भागात रस्त्याच्या कामावर असणाऱ्या पोकलेनच्या हातास जोडता येणारी पकड-करवत अधिक व्यवहार्य वाटते. पोकलेनचे पट्टे चिखलात चाकांपेक्षा बरे चालतात. मात्र तिचा हात सुमारे नऊ-दहा मीटरच पोहोचतो, हे ध्यानात ठेवावे. विजेच्या तारांजवळ तर पुरवठा बंद करविल्यावाचून कोणतेही पोलादी यंत्र उभे करू नये.

यंत्राने अपघात संपतात, असेही मानू नये. मळणीयंत्रे गावोगावी आली तेव्हा वेळ वाचला, परंतु त्यांत इतक्या मजुरांचे हात गेले की केंद्र सरकारला 1983 साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. आपल्यापैकी अनेकांनी ते दिवस पाहिले आहेत.

नावे बाजूची सर्वांत मोठी रक्कम मात्र वेगाची आहे. कुऱ्हाडीला दिवस लागे आणि त्या दिवसात कोणी शेजारी येऊन 'अहो, थांबा, घरट्यात पिले आहेत' असे म्हणू शके. मुंबईच्या आरे वसाहतीत ऑक्टोबर 2019 मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल लागताच त्याच रात्री करवती सुरू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने 7 ऑक्टोबर रोजी तोड थांबविली, तोवर 2,141 झाडे आडवी झाली होती. आपल्या तेलंगणात कांचा गच्चीबावली येथे मार्च 2025 च्या अखेरीस यंत्रे शिरली. 3 एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली, त्या अवधीत सुमारे 100 एकरांवरील झाडोरा नाहीसा झाला. तेथे पकड-करवत नव्हती, साध्या करवती आणि जेसीबीच होत्या. तात्पर्य, तोड जितकी सोपी, तितका पश्चात्तापास अवकाश कमी.

आपल्या परंपरेत श्रावकाने टाळावयाच्या पंधरा व्यवसायांत वनकर्म गणले आहे. लेश्यावृक्षाचे चित्र तर मंदिरात आपण सर्वांनी पाहिलेच आहे. सहा भुकेले पांथस्थ जांभळीखाली येतात. एक म्हणतो, झाड मुळासकट पाडू, दुसरा बुंधा, तिसरा मोठी फांदी, चौथा डहाळी तोडू म्हणतो. पाचवा फळेच काढू म्हणतो, सहावा खाली पडलेली वेचतो. भूक सहाही जणांची सारखीच. पकड-करवतीचा चालक यांपैकी कोणाच्याही जागी बसू शकतो. तीच कळ धोक्याची एक फांदी अलगद उतरविते आणि तीच सबंध झाड तुकड्या-तुकड्यांनी संपविते.

या हिशेबावरून आमच्या नम्र सूचना अशा. यंत्र विकत घेऊ नये. निकड पडेल तेव्हा वाकबगार चालकासह भाड्याने आणावे आणि कामापूर्वी चालक व मजूर यांचा विमा पाहावा. 2002 च्या जल, भूमी व वृक्ष कायद्याखालील परवानगी हाती आल्याशिवाय खोडास हात लावू नये. फांदीने भागत असेल तेथे खोड तोडू नये. यंत्रामुळे ज्यांची मजुरी जाईल, त्यांनाच खालची कामे, म्हणजे रहदारी रोखणे व लाकूड रचणे, प्रथम द्यावीत. आणि यंत्र येईल तेव्हा येवो, मंडळाने या उन्हाळ्यापूर्वीच शिरस्त्राणे, कमरपट्टे व मजबूत दोर यांचा एक संच घ्यावा. सभासदाच्या आवारात जो झाडावर चढेल, त्याने तो बांधल्यावाचून चढू नये. यास येणारा खर्च फार अधिक नाही.

आमच्या आवारातील ती चिंच अद्याप उभी आहे. गोदामाकडची तिची एक फांदी यंदा उतरविणे भाग आहे. दाराशी बसणाऱ्या त्या गृहस्थास आम्ही विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मालक, फांदी उतरवा, पण माणूस बांधून चढवा." सर्वसाधारण सभेपुढे विषय येईल, त्यावेळी सभासदांनी हे वाक्यही विचारात घ्यावे, एवढीच विनंती.