लाकूडकाम यंत्रांची धूळसंकलन जोडणी

लाकूडकामातील धूळसंकलन म्हणजे करवत, रंधा, राउटर, सँडर इत्यादी यंत्रांतून निघणारा भुसा, ढलप्या व बारीक धूळ त्यांच्या उगमापाशीच हवेच्या प्रवाहाने ओढून घेणे, नळ्यांतून वाहून नेणे आणि हवेतून वेगळी करणे होय. यंत्रावरील झाकण किंवा हूड, नळ्या, सरकत्या झडपा, पंखा, विभाजक आणि गाळणी हे या व्यवस्थेचे मुख्य भाग असतात. तिची परिणामकारकता केवळ पंख्याच्या अश्वशक्तीवर ठरत नाही. यंत्राला लागणारी हवा आणि जोडलेल्या नळीतून त्याला प्रत्यक्ष मिळणारी हवा यांचा मेळ बसणे आवश्यक असते.

धुळीचे स्वरूप व आरोग्यावरील परिणाम

यंत्राखाली साचणारा भुसा डोळ्यांना दिसतो व झाडून काढता येतो. अधिक अपायकारक धूळ मात्र सहजी दिसत नाही. सुमारे १०० मायक्रोमीटरपर्यंतचे कण नाकातोंडावाटे शरीरात जाऊ शकतात, १० मायक्रोमीटरपेक्षा लहान कण श्वासनलिकांपर्यंत पोहोचतात आणि सुमारे ४ मायक्रोमीटर व त्याहून लहान कण फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत जातात. असे सूक्ष्म कण यंत्र बंद झाल्यानंतरही बराच वेळ हवेत तरंगत राहतात. त्यामुळे काम संपल्यावर झाडू मारल्याने धोका टळत नाही. उलट खाली बसलेली धूळ पुन्हा हवेत उडते.

इंग्लंडमधील हाय विकम हे खुर्च्या व फर्निचर बनवणारे गाव होते. तेथील कामगारांमध्ये नाकाच्या पोकळीचा एरवी दुर्मीळ असलेला कर्करोग अधिक प्रमाणात आढळत असल्याचे शल्यचिकित्सक एस्मे हॅडफील्ड यांच्या लक्षात आले. त्यांनी डोनाल्ड ॲचेसन व अन्य सहकाऱ्यांसह या विषयावरील अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. याखेरीज दमा, नाकाचा दाह व त्वचेची ॲलर्जी हे विकारही संभवतात. सागाच्या लाकडातील डीऑक्सीलॅपॅचॉल या द्रव्यामुळे काही व्यक्तींच्या त्वचेवर पुरळ उठते. एमडीएफ फळी कापताना निघणाऱ्या धुळीत लाकडाच्या तंतूंबरोबर फॉर्माल्डिहाइडयुक्त राळही असते.

हवेचा वेग व नळीचा व्यास

लाकडाचा भुसा नळीत न साचता वाहत राहावा यासाठी हवेचा वेग सर्वसाधारणपणे सेकंदाला २० मीटरच्या आसपास ठेवला जातो. नळीतून वाहणाऱ्या हवेचे प्रमाण हे नळीच्या छेदाचे क्षेत्रफळ व वेग यांच्या गुणाकाराइतके असते. या वेगाने १०० मिलिमीटर व्यासाच्या नळीतून तासाला सुमारे ५६५ घनमीटर, तर १५० मिलिमीटर व्यासाच्या नळीतून सुमारे १,२७० घनमीटर हवा वाहते.

यावरून दोन परस्परविरुद्ध अडचणी स्पष्ट होतात. १०० मिलिमीटरची नळी यंत्राच्या ५० मिलिमीटरच्या तोंडाला जोडल्यास त्या तोंडाचे क्षेत्रफळ नळीच्या एक चतुर्थांश एवढेच राहते. तेथे अडथळा निर्माण होऊन हवेचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटते. याउलट, तासाला ५६५ घनमीटर हवा देणाऱ्या पंख्याला १५० मिलिमीटरची नळी जोडल्यास वेग सेकंदाला सुमारे ९ मीटरपर्यंत उतरतो आणि भुसा नळीतच साचू लागतो. म्हणून केवळ रुंद किंवा केवळ अरुंद नळी निवडणे पुरेसे ठरत नाही.

नळीची लांबी, वळणे आणि आतील खडबडीतपणा यांमुळेही हवेला विरोध होतो. लवचिक नळीच्या आतील वळ्यांमुळे गुळगुळीत नळीपेक्षा विरोध बराच अधिक असतो. त्यामुळे मुख्य मार्ग सरळ व कठीण नळीचा ठेवून लवचिक नळी यंत्रालगतच्या थोड्या अंतरापुरती वापरली जाते. काटकोनी जोडाऐवजी ४५ अंशांत मिळणारा वाय आकाराचा जोड आणि मोठ्या त्रिज्येचे वळण यांनी प्रवाह सुरळीत राहतो.

यंत्रांची जोडणी

शोषणाचा प्रभाव नळीच्या तोंडापासून दूर जाताच झपाट्याने कमी होतो. तोंडापासून त्याच्या एक व्यासाइतक्या अंतरावर हवेचा वेग तोंडाजवळील वेगाच्या सुमारे एक दशांशच उरतो. त्यामुळे हूड धुळीच्या उगमाजवळ असणे आणि उगमाची जागा शक्य तितकी बंदिस्त असणे हे मोठ्या पंख्यापेक्षा अधिक उपयुक्त ठरते.

• गोल करवत: पाते धूळ टेबलाखाली फेकते, पण काही धूळ पात्याच्या दातांबरोबर वरही येते. म्हणून खालच्या पेटीला एक आणि पात्यावरील संरक्षक झाकणाला दुसरी अशा दोन जोडण्या केल्या जातात.
• रंधा यंत्र व थिकनेसर: ढलप्यांचे आकारमान मोठे असल्याने नळी लवकर तुंबते. येथे रुंद नळी व त्यास पुरेशी हवा लागते.
• पट्टा करवत: जोडणी टेबलाच्या लगेच खाली, पाते लाकडातून बाहेर पडते त्या जागी केली जाते. केवळ तळाच्या पेटीतून ओढल्यास बरीच धूळ निसटते.
• लेथ: धूळ उडण्याची दिशा सतत बदलत असल्याने पूर्ण झाकण शक्य नसते. कामाच्या मागे, शक्य तितक्या जवळ हलवता येणारा रुंद हूड ठेवला जातो.
• हातातील सँडर व राउटर: यांची तोंडे अरुंद असतात. अरुंद नळीतून हवा खेचण्यासाठी अधिक दाब निर्माण करणारे व्हॅक्यूम यंत्र लागते. अधिक हवा पण कमी दाब देणारा मोठा पंखा येथे निरुपयोगी ठरतो.

अनेक यंत्रे एकाच मुख्य नळीला जोडलेली असल्यास प्रत्येक फाट्यावर सरकती झडप बसवली जाते. पंख्याच्या क्षमतेपेक्षा अधिक झडपा उघड्या राहिल्यास प्रत्येक यंत्राची ओढ कमी होते. मुख्य नळी फार रुंद असून एकच अरुंद फाटा उघडा असल्यास मुख्य नळीतील वेग घटून भुसा तेथे साचतो.

विभाजक व गाळणी

सायक्लोन या शंकूच्या आकाराच्या विभाजकात हवा कडेने आत शिरून गोल फिरते. जड कण भिंतीकडे फेकले जाऊन खालच्या पिंपात पडतात आणि बारीक धूळ असलेली हवा पुढे जाते. ती गाळण्यासाठी कापडी पिशवी किंवा घडीदार काडतूस गाळणी वापरतात. विरळ विणीची पिशवी ढलप्या अडवते, परंतु सूक्ष्म धूळ पुन्हा खोलीत सोडते. अशा व्यवस्थेत जमीन स्वच्छ दिसूनही श्वासावाटे जाणारी हवा दूषित राहू शकते. गाळणीवर धुळीचा थर साचला की हवेचे प्रमाण घटते, त्यामुळे तिची नियमित सफाई आवश्यक असते.

आग व स्फोट

हवेत पुरेशा प्रमाणात पसरलेल्या कोरड्या लाकडी धुळीला ठिणगी लागल्यास स्फोट होऊ शकतो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात बर्न्स लेक येथे २० जानेवारी २०१२ रोजी आणि प्रिन्स जॉर्ज येथे २३ एप्रिल २०१२ रोजी लाकूड कापण्याच्या गिरण्यांत झालेल्या स्फोटांत प्रत्येकी दोन कामगार मृत्युमुखी पडले. धातूच्या नळ्यांना अर्थिंग करणे, लोखंड घासण्याच्या यंत्राला लाकडाच्या धूळसंकलनाशी न जोडणे आणि तुळया व छतावर धूळ साचू न देणे या प्रमुख खबरदाऱ्या आहेत.

भारतातील तरतुदी व महाराष्ट्रातील लहान कार्यशाळा

भारताच्या कारखाने अधिनियम, १९४८ मधील कलम १४ नुसार, शोषक साधन आवश्यक असल्यास ते धुळीच्या उगमाच्या शक्य तितके जवळ बसवणे व ती जागा शक्य तितकी बंदिस्त करणे अपेक्षित होते. स्फोटक धुळीसंबंधी तरतूद कलम ३७ मध्ये होती. मूळ अधिनियमातील कारखान्याची व्याख्या यंत्रशक्ती वापरणाऱ्या ठिकाणी किमान १० कामगारांची होती. त्यामुळे मालक व एक-दोन कारागीर असलेली सुतारकामाची दुकाने सर्वसाधारणपणे तिच्या कक्षेबाहेर राहिली.

सोलापूर–हैदराबाद महामार्गावरील नळदुर्गसारख्या लहान शहरांतील सुतारकामाची दुकाने असोत किंवा लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सावंतवाडीतील लेथवरील काम असो, अशा ठिकाणी संपूर्ण नळीमार्ग उभारणे खर्चिक ठरते. त्याऐवजी चाकांवरील एकच धूळसंकलक आखूड नळीने चालू असलेल्या यंत्राला आळीपाळीने जोडता येतो. नळीची लांबी, वळणे व फाटे कमी झाल्याने लहान मोटरही त्या एका यंत्राला पुरेशी हवा देऊ शकते. संकलक भिंतीबाहेर ठेवल्यास गाळणीतून निसटलेली धूळ खोलीत परत येत नाही. मात्र ती शेजारील वस्तीत जाणार नाही याची काळजी घ्यावी लागते. कोणतीही जोडणी सर्व धूळ पकडत नसल्याने, विशेषतः सँडिंग करताना व गाळणीची पिशवी रिकामी करताना, चेहऱ्यावर घट्ट बसणारा कणरोधक मास्क वापरणे आवश्यक असते.