गाडीचे गुडघे

मनुष्याचे वय झाले म्हणजे प्रथम गुडघे बोलू लागतात. मोटारीचेही तसेच आहे, हे आम्हांस फार उशिरा उमगले. इंजिन सुरळीत चालते, दिवे लागतात, रंगही बरा आहे, एवढ्यावर समाधान मानून आपण गाडी हाकीत राहतो. आणि चाकांच्या आड ज्या दोन खांबांवर पुढचा सगळा भार तोललेला असतो, ते कधी थकले याची आपणांस वार्ताही नसते.

आमची गाडी २००५ सालची मारुती ८००. सन २०१७ च्या श्रावणात आम्ही इंदूरहून ओंकारेश्वरास निघालो. मागच्या आसनावर सौ. आणि आठ वर्षांची नात. सिमरोल मागे पडले, भेरूघाटाचा उतार लागला, आणि एका वळणावर पुढचा ट्रक अकस्मात मंदावला. आम्ही ब्रेक दाबला. गाडीने नाक जमिनीत खुपसल्यासारखे केले, उखडलेल्या डांबरावर चाके थडथडली, आणि गाडी एका अंगास ओढली जाऊन ट्रकपासून हातभर अंतरावर थांबली.

"आबा, गाडी घसरली का हो?" नातीने विचारले.

"नाही ग बाळ," आम्ही म्हणालो. ते खरे नव्हते, हे सौ.च्या मुद्रेवरून स्पष्ट दिसत होते. उरलेला प्रवास तिने मौनात केला. नर्मदेचे दर्शन झाले, परंतु चित्त ठिकाणावर नव्हते.

घरी परतल्यावर आम्ही पुढचे बॉनेट एका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी दाबून सोडले. गाडीने एकदा उसळी घेऊन स्थिर व्हावयास हवे. उजव्या बाजूस ती होडीसारखी डुलत राहिली. ही परीक्षा ढोबळ आहे खरी. तीत गाडी उत्तीर्ण झाली म्हणजे सारे निर्दोष आहे असे नव्हे. म्हणून चाकामागे बॅटरीचा उजेड टाकून पाहिले. उजव्या खांबाच्या नळीवरून तेल ओघळून त्यावर धुळीचा थर बसला होता, आणि टायरवर जागोजाग खोलगट झीज झाली होती. डावी बाजू मात्र कोरडी व स्वच्छ. तेव्हा आठवले की मागील वर्षी एका कारखान्यात डाव्या बाजूचा खांब तेवढा बदलून घेतला होता. "दुसरा अजून चालेल" असे तेथे सांगण्यात आले, आणि चार पैसे वाचतात म्हणून आम्हीही मान डोलावली होती. एक पाय तरणा आणि एक म्हातारा, अशा अवस्थेत आम्ही कुटुंबास घाटात नेले होते.

या खांबास स्ट्रट म्हणतात. आपल्याकडचे मिस्त्री त्याला सरसकट शॉकअप किंवा शॉकर म्हणतात, पण त्याचे काम त्याहून अधिक आहे. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने दुसऱ्या महायुद्धानंतर एका लहान मोटारीसाठी ही कल्पना विकसित केली. ती मोटार बाजारात आलीच नाही. मॅकफर्सन फोर्ड कंपनीत गेले, आणि १९५० साली इंग्लंडमधील फोर्डच्या कॉन्सल व झेफिर या गाड्यांत ती रचना लोकांसमोर आली. आपल्या प्रीमियर पद्मिनीत पुढच्या चाकास वर एक व खाली एक अशा दोन भुजा असत. मॅकफर्सन यांनी वरची भुजाच काढून टाकली आणि तिचे काम या उभ्या खांबाकडे सोपविले. जागा वाचली, वजन घटले, खर्च कमी झाला. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली, तेव्हा तिच्या पुढच्या चाकांवर हीच रचना होती.

या खांबाभोवती स्प्रिंग असते व आत तेलाची नळी. खड्डा आला की स्प्रिंग दबते. पण दबलेली स्प्रिंग तशीच सोडली तर ती पुनःपुन्हा उसळत राहील. ती उसळी जिरविण्यासाठी नळीतला दट्ट्या तेलातून वरखाली होतो. तेलास बारीक छिद्रांतून वाट काढावी लागते, आणि उसळीतली शक्ती उष्णतेच्या रूपाने नाहीशी होते. सील फाटून तेल गळू लागले की चाक रस्ता सोडून नाचू लागते. जे चाक क्षणभर अधांतरी आहे त्यास कितीही चांगला ब्रेक लावला, तरी तो गाडीस थांबवू शकत नाही. स्ट्रट हे केवळ सुखासाठी आहे हा आमचा समज भेरूघाटात असा दूर झाला.

एके काळी पद्मिनीची किरकोळ दुरुस्ती आम्ही स्वतः करीत असू. त्या जुन्या आत्मविश्वासाने दोन नवे स्ट्रट आणले आणि रविवारी अंगणात बैठक मांडली. मागच्या चाकांना दगडाची ओट दिली, जॅक लावून पुढची बाजू उचलली, तिच्याखाली दोन मजबूत घोड्या ठेवल्या, चाक काढले. स्ट्रटला बांधलेली ब्रेकची नळी सोडविली, खालचे दोन बोल्ट काढले, चाकाचा गाभा तारेने बांधून ठेवला, कारण तो लोंबकळला तर ब्रेकच्या नळीवर ताण येतो. बॉनेटखालचे कडेचे नट सोडताच उजवा स्ट्रट हातात आला. इथवर सर्व यथासांग झाले. मग जुनी स्प्रिंग नव्या स्ट्रटवर चढवावी म्हणून आम्ही माथ्यावरच्या मधल्या नटास पाना लावला.

"काका साब, रुको! बीच का नट मत खोलना!"

नाक्यावरचा मिस्त्री स्प्रिंग दाबण्याचा शिकंजा देण्यास आला होता, तो फाटकातूनच ओरडला. त्याने आमच्या हातातला पाना काढून घेतला आणि आपल्या भुवईवरचा जुना व्रण दाखविला. तो नवशिका असताना हाच नट सुटला होता. स्प्रिंग उसळून कपाळाला लागली. "दो अंगुल नीचे लगती तो आँख जाती," तो शांतपणे म्हणाला. खांब गाडीतून सुटला तरी स्प्रिंग दबलेलीच असते, आणि त्या एका नटाने तिला रोखून धरलेले असते, एवढी साधी गोष्ट आमच्या ध्यानी आली नव्हती.

पुढचे काम त्याने केले, आम्ही हाताखाली राहिलो. स्प्रिंगच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना शिकंजे लावून, दोन्हींचे आटे थोडे थोडे आळीपाळीने आवळीत, स्प्रिंग सैल झाल्यावरच त्याने मधला नट काढला. तोंड सदैव तिच्या टोकापासून बाजूला. वरचे रबर चिरले होते, आतली बेअरिंग खरखरत होती, धुळीचे आवरण फाटले होते. तीही नवी बसविली. जुनी रबरे ठेवून नवा स्ट्रट लावणे म्हणजे नव्या धोतरास जुनी ठिगळे लावणे होय. स्प्रिंगचे टोक खालच्या वाटीतील खाचेत नेमके बसले की नाही, हे त्याने बोटाने चाचपून पाहिले. नंतर डाव्या बाजूचा एक वर्षाचा स्ट्रटही बदलला. तो चांगला असताना का, असे आम्ही विचारले. "जोड़ी की चीज़ है, काका साब," एवढेच त्याचे उत्तर.

दुसऱ्या दिवशी चाकांची अलाइनमेंट करून घेतली. स्ट्रट सोडून पुन्हा बसविला की चाकांचे कोन किंचित बदलू शकतात. ते तसेच राहिले तर नवे टायर अकारण झिजतात आणि स्टीअरिंग ओढ घेते.

वाचकहो, हे काम घरी करू नका असे आम्ही म्हणत नाही. परंतु शिकंजा आणि जाणता हात नसेल, तर मधल्या नटास स्पर्श करू नका. आणि घरी करा वा बाहेर, दोन्ही बाजू एकदम बदला. वर्षातून एकदा, टायरांची अदलाबदल होते तेव्हा, चाकामागे उजेड टाकून तेलाचा ओघळ पाहावयास मिस्त्रीस सांगा. या गोष्टीस खर्च नाही.

कार्तिकात आम्ही पुन्हा ओंकारेश्वरास निघालो. भेरूघाट येताच सौ.ने सवयीने पुढच्या आसनाची पाठ घट्ट धरली. उतारावर दोनदा ब्रेक लावावा लागला. गाडी सरळ रेषेत, ठाम थांबली. घाट उतरून बडवाहच्या रस्त्यास लागल्यावर सौ.ने आसनाची पाठ सोडली आणि डब्यातला लाडू पुढे केला. नात तिच्या मांडीवर गाढ झोपली होती. तिला आम्ही जागे केले नाही.