क्वांटम डॉट आणि कॅडमियम : टीव्हीची भीती किती, कामावर काळजी किती

क्यूएलईडी टीव्हीत कॅडमियम असते असे मोबाईलवर वाचून अनेकजण विचारतात, "घरात लहान मूल आहे, काही होणार नाही ना?" त्यांना टीव्हीची काळजी वाटते. खरी काळजी घ्यायला हवी ती प्रयोगशाळेत, कारखान्यात किंवा सोनारकामात हा धातू हाताळणाऱ्यांनी.

क्वांटम डॉट म्हणजे अर्धवाहक पदार्थाचा अतिसूक्ष्म कण. कॅडमियम सेलेनाइडचा कण साधारण २ ते ६ नॅनोमीटरचा असतो. आपला केस त्याच्या हजारो पट जाड. गंमत अशी की पदार्थ तोच, पण कणाचा आकार बदलला की रंग बदलतो. लहान कण निळा-हिरवा प्रकाश देतात, मोठे लाल. या शोधासाठी बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

टीव्हीत हे कण प्लास्टिकच्या थरात बंद असतात. आज बऱ्याच कंपन्या कॅडमियमऐवजी इंडियम फॉस्फाइडचे कण वापरतात. त्यामुळे टीव्ही पाहून कॅडमियम अंगात जात नाही. जुलै २०२१ च्या पुरात महाडमध्ये घरोघरचे टीव्ही चिखलात गेले, तरी नुसत्या भिजण्याने हे कण बाहेर पडत नाहीत. मात्र तांब्यासाठी असे सामान फोडून जाळू नका. त्या धुरात फक्त कॅडमियम नाही, इतर विषेही असतात.

कॅडमियम मुख्यतः श्वासातून आणि तोंडावाटे शरीरात जाते आणि मूत्रपिंडात साठते. तिथून निम्मे बाहेर पडायलाच १० ते ३० वर्षे लागतात. मूत्रपिंड बिघडते, हाडे ठिसूळ होतात. जपानमध्ये जिंझू नदीकाठी खाणीच्या पाण्याने भातशेतीत कॅडमियम गेले. तिथल्या हाडांच्या भयंकर दुखण्याला 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय', असे नाव पडले. कॅडमियम माणसात कर्करोग घडवते हेही सिद्ध झाले आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरात ते आधीच जास्त असते. अंगात लोह कमी असेल तर आतडे कॅडमियम जास्त शोषते, म्हणून रक्त कमी असलेल्या बायकांनी तर अधिक जपावे. गरोदर स्त्रीने हे काम करूच नये.

क्वांटम डॉटवर बहुधा झिंक सल्फाइडचे कवच असते, त्यामुळे कॅडमियम सहज सुटत नाही. पण हवा आणि अतिनील किरणांनी कवच झिजते. म्हणून "कवच आहे, काही होत नाही" हे मला पटत नाही.

आपल्याकडची मुले नॅनो विषयावर प्रोजेक्ट करतात, मोठी माणसे महाड एमआयडीसीत रसायनांजवळ राबतात. घरच्यांनी त्यांना एवढे विचारावे : काम धूर ओढून घेणाऱ्या कपाटात होते का? हे कण बहुतेक वेळा टोल्यूइन किंवा हेक्झेनमध्ये असतात. ते पेट घेतात आणि पातळ नायट्राइल हातमोज्यातून लवकर आत शिरतात, म्हणून थेंब पडला की मोजा लगेच बदलायचा. कोरडी पावडर झाडूने लोटायची नाही, ओल्या कापडाने टिपायची. आम्लाशी तर गाठ पडूच द्यायची नाही. हायड्रोजन सेलेनाइड हा अतिविषारी वायू सुटतो. उरलेले बेसिनमध्ये ओतायचे नाही, वेगळ्या डब्यात साठवून धोकादायक कचरा म्हणून द्यायचे. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत, आणि हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

सोनारकामात 'केडीएम' नावाने कॅडमियमचा जोड ओळखीचा आहे. दागिना घालणाऱ्याला त्याचा त्रास होत नाही, पण जोडताना निघणारा धूर कारागिराच्या छातीत जातो.

हा धूर फसवा असतो. सुरुवातीला नुसता घसा खवखवतो, ताप-थंडी वाटते, माणूस "फ्लू असेल" म्हणून झोपून जातो. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी भरून दम लागतो आणि जीव जाऊ शकतो. म्हणून असा धूर नाकात गेल्यावर बरे वाटत असले तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवा. पोलादपूरच्या वाड्या-वस्त्यांवरून रात्री निघणे कठीण असते, तेव्हा दम लागायची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. डोळ्यात उडाले तर वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुवा. त्वचेवर साबण-पाणी. पोटात गेले तर उलटी करवू नका.

वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांनी डॉक्टरांना कामाचे स्वरूप स्पष्ट सांगावे, कारण लघवीची साधी पट्टी सुरुवातीचा बिघाड बहुतेकदा दाखवत नाही. त्यासाठी लघवीतील कॅडमियम आणि बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन तपासावे लागते. रक्तातील कॅडमियम प्रामुख्याने अलीकडचा संपर्क सांगते, लघवीतील जुना साठा. साठलेले कॅडमियम उपसून काढणारे खात्रीचे औषध नाही; 'डिटॉक्स'च्या पुड्या आणि अनोळखी भस्मे घेऊ नका, काहींत स्वतःच जड धातू असतात. संपर्क थांबवणे, विडी सोडणे, लोहाची कमतरता भरून काढणे, आणि तपासणी बिघडलेली आली तर मूत्रपिंडाच्या तज्ज्ञांना दाखवणे, एवढे उपाय हातात आहेत. येताना कामावरच्या बाटलीच्या लेबलचा मोबाईलवर फोटो काढून आणा, बाटली आणू नका.