मोटारीमागची रेंगी

महाशिवरात्रीला तुमसर तालुक्यातल्या गायमुखच्या यात्रेला बंडीने गेलेली एखादी आजी तुमच्या घरात असेल, तर मैत्रिणींनो, तिला जरा बोलतं करा. बंडीवर बांबूची कमान, तिच्यावर चटई, खाली तणसाची गादी आणि तिच्यावर सतरंजी. पिठाचा डबा, मिरच्या, लाकडं सगळं बरोबर. रात्री पुरुषमंडळी झाडाखाली निजायची, बायका-मुलं बंडीत. माणसांसाठी हलकी गाडी असली तर ती रेंगी. बैलांनी ओढायचं घरच ते!

मग जीप आल्या, मोटारी आल्या. दोन तासांत पोचायचं आणि संध्याकाळी परत फिरायचं. सोय झाली खरी, पण रात्रीचा मुक्काम गेला. लॉज परवडत नाही, उघड्यावर झोपायचं कसं, कपडे बदलायचे कुठे? या तीन प्रश्नांपायी घरातली बाईच म्हणते, "तुम्ही जाऊन या, मी राहते घरी."

अमेरिकेत १९३० च्या दशकात लोकांनी मोटारीमागे ओढायची छोटी झोपायची खोली बांधायला सुरुवात केली. पुढून गोल, मागे निमुळती, आडव्या पडलेल्या पाण्याच्या थेंबासारखी. वारा कमी अडतो म्हणून हा आकार. बांधायचे नकाशे तिथल्या मासिकांत छापून येत आणि लोक घरच्या अंगणात ती उभी करत. आत दोघांपुरता बिछाना, मागचं झाकण उचललं की स्वयंपाकघर. आपला वेल्डर आणि सुतार मिळून हे काम करू शकतात.

माप सोपं आहे. प्लायवूडचा तक्ता ८ फूट बाय ४ फूट येतो, म्हणून दोन्ही बाजूच्या भिंती एकेका तक्त्यात कापून निघतात. खाली लोखंडी चौकट, दोन चाकं आणि स्प्रिंगपाटे. प्लाय पाण्यात टिकणारा, ७१० मार्काचाच घ्या. वैनगंगेकाठचा पावसाळा साध्या प्लायला दोन वर्षं जगू देणार नाही. बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, मधे इंचभर थर्माकोल, रंग पांढरा. तरी मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा हे प्रकरण दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंतचंच समजा.

खरी मेख वजनात आहे. मागे जास्त भरलं की बंडी उलाळ होते, जू वर उचललं जातं, हे खेड्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. इथेही तेच, फक्त वेग जास्त. स्वयंपाकघर मागे असल्यामुळे भार मागे जातो आणि हमरस्त्यावर गाडी शेपटी हलवू लागते. म्हणून आस मधोमध न ठेवता थोडा मागे घ्या आणि पाण्याचे कॅन पुढे ठेवा. भरलेल्या गाडीच्या पुढच्या टोकाखाली घरातला वजनकाटा ठेवून पाहा. एकूण वजन ४०० किलो असेल तर तिथे ४० ते ६० किलो दिसायला हवेत. भंडाऱ्याची पितळी भांडी कितीही लाडकी असली, तरी या सहलीला घरीच राहू द्या!

ओट्याच्या उंचीबद्दल मात्र सुतारावर विसंबू नका, आणि (रागावू नका) नवऱ्यावरही नको. तुम्ही जमिनीवर उभ्या राहून रांधणार, तेव्हा उंची जमिनीपासून मोजायची. घरचा ओटा ३२ इंच आणि गाडीचा तळ जमिनीपासून २० इंच असेल, तर तळावर फक्त १२ इंचांचा ओटा हवा. उचललेलं झाकण डोक्याला लागता कामा नये. स्वयंपाकघर आणि बिछाना यांच्यामधे पक्की भिंत हवी. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोकं पाडून घ्या. आत शेगडी, शेकोटी, मेणबत्ती काहीही पेटवायचं नाही, थंडी कितीही पडो. दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या हव्यात, नाहीतर दोघांच्या श्वासाने सकाळी छत ठिबकतं. दाराला कडी आतून, आणि ती मजबूत.

मोटारीने ओढायच्या गाडीला मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. लोखंड विकत घेण्याआधी परिवहन कार्यालयात जाऊन काय काय कागद लागतील ते विचारा, आणि तुमची मोटार एवढं वजन ओढू शकते का तेही पाहून घ्या. जंगलात मात्र ही गाडी मुक्कामाला नेता येत नाही. कोका अभयारण्य किंवा नागझिरा पाहायचं तर रात्री बाहेर, एखाद्या ओळखीच्यांच्या वाडीत किंवा धर्मशाळेच्या आवारात, विचारूनच उभी करा. जागा ठरवताना पहिला प्रश्न संडास-न्हाणीचा. तेवढी सोय या गाडीत बसत नाही. अंघोळीसाठी चार बांबू आणि एक जुनी सतरंजी बरोबर घेतली, तर आडोसा पाच मिनिटांत उभा राहतो.